लघुसंदेशांनी औषधांची मोजदाद

हिवताप हा मनुष्यजातीचा फार जुना वैरी आहे. त्यावरील औषध आज उपलब्ध आहे, ते कसे द्यावयाचे हे वैद्यकास ठाऊक आहे, आणि ते वेळेवर मिळाल्यास बहुतेक रोगी बरे होतात हेही सिद्ध झालेले आहे. तरीसुद्धा आफ्रिका खंडातील खेड्यापाड्यांतून असंख्य माणसे, आणि त्यांतही पाच वर्षांखालील मुले, या रोगास बळी पडतात. याची कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक कारण ऐकावयास अगदी साधे वाटते. तापाने फणफणलेले मूल ज्या दिवशी आरोग्यकेंद्रात आणले जाते, नेमके त्या दिवशी तेथील कपाटात औषध नसते.

हे औषध देशात नसते असे नव्हे. पुष्कळदा ते जिल्ह्याच्या भांडारात असते, किंवा शेजारच्याच एखाद्या केंद्रात गरजेहून अधिक पडून असते. परंतु कोणत्या कपाटात किती औषध उरले आहे, हे पुरवठा करणाऱ्या अधिकाऱ्यास वेळेवर कळत नाही. कागदी अहवाल खडकाळ रस्त्यांवरून प्रवास करीत त्याच्या टेबलावर येतो, तोपर्यंत त्यातील आकडे शिळे झालेले असतात. रोग आणि औषध यांच्यामध्ये असा बातमीचा दुष्काळ उभा राहतो.

हा दुष्काळ दूर करण्याचा एक प्रयत्न पूर्व आफ्रिकेतील टांझानिया या देशात २००९-१० साली झाला. लिंडी ग्रामीण, किगोमा ग्रामीण आणि उलांगा या तीन जिल्ह्यांतील १२९ आरोग्यकेंद्रे त्यासाठी निवडण्यात आली. सुमारे १२ लाख लोकवस्ती या केंद्रांवर अवलंबून होती. टांझानियाचे आरोग्य मंत्रालय, हिवतापाविरुद्ध काम करणारी ‘रोल बॅक मलेरिया’ ही आंतरराष्ट्रीय आघाडी आणि नोव्हार्टिस, व्होडाफोन व आयबीएम या कंपन्या यांनी मिळून ही योजना आखली. तिचे नाव ‘एसएमएस फॉर लाइफ’, म्हणजे जीवनासाठी लघुसंदेश, असे होते. नवे यंत्र कोणासही द्यावे लागले नाही. आरोग्यसेवकांच्या खिशात जे स्वतःचे मोबाइल होते, त्यांवरच सारे काम झाले. दूरवरच्या एका संगणकावर चालणारी आज्ञावली दर आठवड्यास प्रत्येक केंद्राला संदेशाने साठा विचारी. सेवक कपाट उघडून पाकिटे मोजी आणि आकडे उलट टपाली कळवी. आकडे आले नाहीत, तर त्यास आठवण करून दिली जाई. वेळेवर आले, तर त्याच्या मोबाइलच्या खात्यात थोडी रक्कम बक्षिसादाखल जमा होई.

ही गोष्ट वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु असा संदेश स्वीकारणे, तो न हरवणे, त्याचा अर्थ लावणे आणि योग्य माणसापर्यंत पोहोचविणे यांत किती विचार सामावलेला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

एकशेसाठ अक्षरे

मोबाइलवरील लघुसंदेशाची मर्यादा १६० अक्षरांची का, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. १९८५ साली फ्रीडहेल्म हिलेब्रांड हे जर्मन अभियंते युरोपातील भावी मोबाइल व्यवस्थेचे नियम ठरविण्याच्या कामात गुंतले होते. बॉन शहरी आपल्या घरी टंकलेखन यंत्रावर त्यांनी मनास येतील ती वाक्ये लिहिली आणि प्रत्येकातील अक्षरे, विरामचिन्हे व मोकळ्या जागा मोजल्या. जवळजवळ प्रत्येक मजकूर १६० च्या आत बसतो, असे त्यांस आढळले. पोस्टकार्डांवरील मजकूरही साधारण तेवढाच असतो, हा आधार त्यास होताच.

या काटकसरीमागे तांत्रिक कारण होते. मोबाइल व्यवस्थेत बोलणे वाहून नेणाऱ्या मार्गाखेरीज एक संकेतवाहिनी असते. कोणता मोबाइल कोठे आहे, कोणाचा बोलावा आला आहे, अशी व्यवस्थेची आपापसांतील बातचीत तिच्यावरून चालते. ही वाहिनी बराच काळ मोकळी असते. तेव्हा त्या मोकळ्या वेळात छोट्या चिठ्ठ्या धाडाव्यात, ही मूळ कल्पना. चिठ्ठी छोटी असणे त्यामुळे अपरिहार्य झाले. एका संदेशास १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढी जागा मिळाली. रोमन अक्षरांना प्रत्येकी सात बिट पुरतात, आणि ११२० ला ७ ने भागले की बरोबर १६० येतात.

देवनागरीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील चिन्हे त्या सात बिटांच्या मूळ तक्त्यात नाहीत. म्हणून मराठी संदेशास सर्वसाधारणपणे प्रत्येक चिन्हामागे सोळा बिट वापरावे लागतात, आणि १६० ऐवजी ७० चिन्हेच एका संदेशात मावतात. शिवाय येथे ‘चिन्ह’ म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. ‘स्त्री’ हे उच्चारावयास एकच अक्षर. परंतु संगणकाच्या हिशेबी त्यात स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हे आहेत. ‘महाराष्ट्र’ या चार अक्षरी शब्दास दहा चिन्हांची जागा लागते. टांझानियातील स्वाहिली भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. त्यामुळे तेथे ही अडचण उद्भवली नाही. भारतात अशी योजना आखणाऱ्यास मात्र हा हिशेब आरंभीच करावा लागतो.

मजकूर मर्यादेबाहेर गेला, तर त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी तो कोणत्या संदेशाचा, एकूण तुकडे किती आणि हा कितवा, अशी नोंद घालावी लागते. ही नोंद जागा खाते, म्हणून तुकड्यात रोमन अक्षरे १५३ आणि देवनागरी चिन्हे ६७ एवढीच बसतात. तुकडे क्रमाने येतीलच असे नाही. ते सर्व हाती येईपर्यंत थांबून मगच जोडणे, हे संदेश स्वीकारणाऱ्या आज्ञावलीचे काम असते.

केंद्र आणि सर्व्हर

जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये धाडण्यात आला. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छांचे दोन शब्द व्होडाफोनमधील रिचर्ड जार्व्हिस यांच्या मोबाइलवर पाठविले. यातील ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, तो संदेश मोबाइलवर लिहिलेला नव्हता; तो संगणकावरून निघाला होता. लघुसंदेश आणि संगणक यांचे नाते असे जन्मापासूनचे आहे.

संदेश एका मोबाइलवरून थेट दुसऱ्यावर जात नाही. मध्ये लघुसंदेश केंद्र असते. टपालकचेरीप्रमाणे ते आलेली चिठ्ठी आधी स्वतःजवळ ठेवून घेते आणि मग पुढे पोहोचविण्याचा यत्न करते. ज्याला ती द्यावयाची त्याचा मोबाइल बंद असला, तर केंद्र थांबते व पुनःपुन्हा यत्न करते. ठरलेल्या मुदतीत यश आले नाही, तरच चिठ्ठी टाकून दिली जाते.

ज्या क्रमांकावर संदेश जावयाचा, तो क्रमांक माणसाच्या मोबाइलचा नसून एखाद्या सेवेचा असू शकतो. भारतात अनाहूत व्यापारी संदेश नकोत, असे कळविण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. त्या क्रमांकामागे चिठ्ठी वाचीत बसलेला कारकून नाही. तेथे सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे इतरांच्या मागण्यांची वाट पाहत अहोरात्र जागा राहणारा आणि त्या पुरविणारा संगणक. त्याच्यावर चालणारी आज्ञावली संदेश स्वीकारते, तपासते, नोंदते आणि उत्तर देते.

केंद्र आणि सर्व्हर यांच्यामध्ये एक कायमची जोडणी ठेवावी लागते. तिच्यावरून काय बोलावे व कसे बोलावे यांचे नियम आयर्लंडमधील अल्डिस्कॉन या कंपनीत प्रथम तयार झाले. ते आज एसएमपीपी या नावाने जगभर ओळखले जातात. सर्व्हर प्रथम आपले नाव व परवलीचा शब्द सांगून केंद्राशी जोडला जातो. नंतर केंद्र त्याच्याकडे एकेक संदेश सोपविते. प्रत्येक संदेशासोबत धाडणाऱ्याचा क्रमांक, ज्यास धाडला तो क्रमांक, मजकूर कोणत्या अक्षरतक्त्यात आहे याची खूण आणि प्रत्यक्ष मजकूर असतो. अक्षरतक्त्याची ही खूण दुर्लक्षिली, तर देवनागरी मजकूर निरर्थक चिन्हांची रांगोळी होऊन बाहेर पडतो. बराच वेळ एकही संदेश आला नाही, तर दोघांपैकी एकजण दुसऱ्यास ‘जागे आहात ना?’ अशा अर्थाचा छोटा संकेत पाठवितो. उत्तर आले नाही, तर जोडणी तुटली असे समजून ती पुन्हा बांधण्यात येते.

लहान प्रमाणावरील कामासाठी याहून साधा मार्गही आहे. सिमकार्ड बसविलेला मोडेम संगणकास जोडला, की तो संगणक इतरांसारखाच एक मोबाइलधारक बनतो आणि आलेले संदेश मोडेममधून वाचून घेऊ शकतो. मोडेमची गती अर्थातच मंद असते.

पोच कधी द्यावी?

केंद्राने संदेश सोपविला, की सर्व्हरने त्याची पोच द्यावयाची असते. पोच मिळाल्यावर केंद्र आपल्याजवळची प्रत काढून टाकते. पोच मिळाली नाही, तर संदेश गहाळ झाला असे समजून ते तो पुन्हा धाडते. येथे एक बारीक, पण महत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. पोच केव्हा द्यावी, नोंद करण्यापूर्वी की नोंद केल्यानंतर?

समजा, सर्व्हरने संदेश हाती पडताच पोच दिली आणि नंतर तो नोंदविण्यास घेतला. तेवढ्यात वीज गेली. केंद्राने आपली प्रत नष्ट केलेली आहे; सर्व्हरच्या स्मृतीतील प्रत विजेबरोबर गेली. एका आरोग्यकेंद्राचा अहवाल कोठेही शिल्लक राहिला नाही, आणि तो हरवला हेदेखील कोणास कळणार नाही.

आता उलट समजा. सर्व्हरने प्रथम संदेश कायमच्या नोंदवहीत, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या तबकडीवर, उतरविला आणि पोच देण्यापूर्वी वीज गेली. या वेळी संदेश सुरक्षित आहे. परंतु पोच न मिळाल्याने केंद्र तो पुन्हा धाडील आणि नोंदवहीत एकच संदेश दोनदा येईल.

पहिल्या पद्धतीत संदेश हरवण्याचा धोका. दुसरीत दुबार होण्याचा. दोन्ही धोके एकाच वेळी पूर्णपणे टाळणे केवळ पोचेच्या वेळेवरून साधत नाही. हरवलेली गोष्ट पुन्हा मिळविता येत नाही. दुबार आलेली मात्र ओळखून बाजूस सारता येते. म्हणून जाणते अभियंते दुसरी पद्धत स्वीकारतात: आधी नोंद, मग पोच.

दुबार संदेशाचा उपद्रव टाळण्याचा एक उपाय प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतच दडलेला आहे. ‘या आठवड्यात किती पाकिटे नवी आली?’ असे विचारले आणि ‘३१’ हे उत्तर दोनदा नोंदले गेले, तर हिशेबात ६२ पाकिटे जमा होतील; त्यांतील ३१ केवळ कागदावरची असतील. पण ‘आता कपाटात किती पाकिटे आहेत?’ असे विचारले, तर ‘३१’ हे उत्तर एकदा आले काय किंवा दहादा आले काय, साठा ३१ च राहतो. टांझानियात साठ्याचीच मोजदाद मागविली जाई. ज्या क्रियेची पुनरावृत्ती झाली तरी फळ बदलत नाही, ती क्रिया अविश्वसनीय मार्गांवरून करण्यास सर्वांत योग्य, हे तत्त्व संगणकशास्त्रात पदोपदी उपयोगी पडते.

याच कारणाने संदेश स्वीकारणारा भाग आणि त्याचा अर्थ लावणारा भाग निराळे ठेवतात. आवक खिडकीवरील कारकून टपाल घेऊन केवळ आवक नोंद करतो; पत्रात काय आहे याचा विचार आतील कारकून करतो. दोघांमध्ये पत्रांची चळत असते. त्याप्रमाणे स्वीकारणारा भाग संदेश नोंदवून पोच देतो व मोकळा होतो. अर्थ लावणारा भाग रांगेतील संदेश सवडीने एकेक उचलतो. एकाच दुपारी शेकडो केंद्रांनी आकडे धाडले, तरी रांग थोडी वाढते एवढेच. दारात खोळंबा होत नाही.

मजकुराचा अर्थ

हिवतापावरील मुख्य औषध आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन यांचे संयुक्त औषध होते. त्यांतील आर्टेमेथर हे आर्टेमिसिनिन या वनस्पतिजन्य द्रव्यापासून तयार करतात, आणि त्या द्रव्याच्या शोधाबद्दल तू यूयू या चिनी विदुषीस २०१५ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. या गोळ्या तीन दिवसांत सहा वेळा घ्यावयाच्या असतात. रोग्याच्या वजनानुसार एका वेळी एक, दोन, तीन किंवा चार गोळ्या लागतात. म्हणून पाकिटे ६, १२, १८ आणि २४ गोळ्यांची अशी चार प्रकारची असतात. यांखेरीज गंभीर रोग्यासाठी त्या काळी क्विनीनचे इंजेक्शन वापरीत. अशा पाच जिनसांचा साठा सेवकाने कळवावयाचा होता.

उदाहरणादाखल असे समजू, की चार पाकिटांस क, ख, ग, घ आणि इंजेक्शनास च ही खूण ठरली आहे. मग ‘क ४ ख १२ ग ० घ ३१ च १८’ एवढ्या मजकुरात संपूर्ण अहवाल सामावतो. आज्ञावली प्रथम धाडणाऱ्याचा क्रमांक नोंदणी-यादीत शोधते व त्यावरून आरोग्यकेंद्र ओळखते. मग मजकुरातील जादा मोकळ्या जागा काढून टाकते, खुणा आणि आकडे वेगळे करते, पाचही जिनसा आल्या आहेत की नाही ते पाहते आणि आकडे संभवनीय आहेत का याची शहानिशा करते.

परंतु माणसे यंत्रासारखी लिहीत नाहीत. कोणी जागा न सोडता ‘क४ख१२’ असे लिहितो. कोणी मध्ये स्वल्पविराम घालतो. कोणी शेवटी नमस्कार लिहितो. रोमन लिपीत शून्याऐवजी त्याच आकाराचे ‘ओ’ हे अक्षर टाइप होणे ही तर नित्याची चूक आहे. देवनागरीत आणखी एक भर पडते: देवनागरी ‘चार’ आणि रोमन ‘चार’ हे दोन्ही आकडे माणसास एकच, परंतु संगणकास दोन भिन्न चिन्हे.

या चुकांपैकी काही निरुपद्रवी असतात. त्यांचा अर्थ एकच लागू शकतो. अशा चुका आज्ञावलीने मुकाट्याने सुधारून घ्याव्यात. दमलेल्या परिचारिकेस केवळ एका मोकळ्या जागेसाठी संदेश पुन्हा लिहावयास लावणे हे आज्ञावली रचणाऱ्याचे अपयश होय. पण ज्या चुकीचे दोन अर्थ संभवतात, तेथे अंदाज बांधण्याचा अधिकार यंत्रास नाही. ‘ग’ या खुणेपुढे आकडाच नसेल, तर तो मागच्या आठवड्याइतका असेल असे धरून चालणे घातक ठरेल. अशा वेळी धाडणाऱ्यास ‘ग पाकिटांची संख्या कळली नाही; कृपया पुन्हा कळवा’ असे स्पष्ट उत्तर गेले पाहिजे. आणि सर्व ठीक असले, तरी नोंदलेले आकडे त्यास परत दाखविणे इष्ट. कारण दुरुस्तीचा संदेश मूळ संदेशाच्या आधी येऊन पोहोचू शकतो. नोंदवहीत अखेर काय राहिले हे मोजणाऱ्या माणसाने पाहिले, की चूक उघड होते.

टांझानियाच्या प्रयोगात अशा रचनेच्या चुकांचे प्रमाण सरासरी ७.५ टक्के होते, आणि त्या जवळजवळ सर्व दुरुस्त होऊन संदेश पुन्हा आले. निरीक्षकांनी प्रत्यक्ष केंद्रांवर जाऊन पडताळा पाहिला, तेव्हा कळविलेली माहिती ९४ टक्के अचूक आढळली.

नोंदणी-यादीत नसलेल्या क्रमांकावरून आकडे आले तर? परिचारिकेची बदली झालेली असेल, किंवा कोणी खोडसाळपणा करीत असेल. असे संदेश फेकून देऊ नयेत व नोंदूही नयेत. माणसाने पाहावेत म्हणून बाजूस ठेवावेत. धाडणाऱ्याचा क्रमांक हा ओळखीचा उपयुक्त पुरावा असला, तरी निर्णायक नव्हे; तो खोटा भासविता येतो. तसेच साधा लघुसंदेश मध्यस्थ यंत्रणेस वाचता येण्याजोगा असतो. औषधांची संख्या त्यातून धाडण्यास हरकत नाही; रोग्याचे नाव व त्याचा रोग धाडणे योग्य नव्हे.

शून्य आणि मौन

अशा व्यवस्थेतील सर्वांत मोठी चूक मात्र आलेल्या संदेशाबाबत होत नाही. ती न आलेल्या संदेशाबाबत होते. ‘ग ०’ याचा अर्थ मोजदाद झाली आणि कपाट रिकामे आढळले. संदेशच न येणे याचा अर्थ काहीच कळलेले नाही. तेथे पाकिटे भरपूर असतील, किंवा एकही नसेल. परिचारिका रजेवर असेल, किंवा मोबाइलची विजेची पातळी संपली असेल. कोष्टकात दोन्ही ठिकाणी शून्य छापले, तर भरल्या कपाटाकडे गाडी धावेल. दोन्ही ठिकाणी जागा कोरी सोडली, तर रिकाम्या कपाटाकडे कोणाचे लक्षच जाणार नाही.

म्हणून आज्ञावलीत प्रत्येक केंद्रासाठी ‘इतके आहे’, ‘काही नाही’ आणि ‘माहीत नाही’ अशा तीन भिन्न अवस्था ठेवाव्या लागतात, आणि ‘माहीत नाही’ ही अवस्था शक्य तितकी क्षणिक करावी लागते. आठवणीचा संदेश आणि बक्षिसाची छोटी रक्कम यांचा उपयोग त्यासाठीच होता. २१ आठवड्यांच्या काळात सरासरी ९५ टक्के वेळा आकडे मिळाले, आणि हे प्रमाण कधीही ९३ टक्क्यांच्या खाली गेले नाही. जमलेली माहिती कोष्टके व नकाशा यांच्या रूपाने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांपुढे ठेवली जाई. कोणत्या केंद्रात काय संपले आणि जवळच्या कोणत्या केंद्रात ते जास्त आहे, हे त्यांस एका दृष्टिक्षेपात दिसे.

काय साधले

पहिल्या आठवड्यात जे चित्र समोर आले ते विदारक होते. पाचांपैकी निदान एक औषध संपलेले आहे, अशा केंद्रांचे प्रमाण ७८ टक्के होते. एकविसाव्या आठवड्यात ते २६ टक्क्यांवर आले. लिंडी ग्रामीण जिल्ह्यात तर आठव्या आठवड्यापर्यंत टंचाई नाहीशी झाली, आणि नंतर ती जवळजवळ उद्भवलीच नाही. तिन्ही जिल्हे मिळून संयुक्त औषधाचा साठा ६४ टक्क्यांनी व क्विनीनचा ३६ टक्क्यांनी वाढला. या अनुभवाच्या जोरावर पुढे ही योजना टांझानियात देशभर नेण्यात आली.

हे आकडे आनंददायक आहेत. परंतु त्यांचा अर्थ काळजीपूर्वक लावला पाहिजे. एकाच सर्व्हरवर, एकाच आज्ञावलीने, एकाच प्रकारचे संदेश तिन्ही जिल्ह्यांतून येत होते. तरी लिंडीत टंचाई संपली, आणि अखेरीस उरलेली २६ टक्के टंचाई साहजिकच मुख्यतः उर्वरित दोन जिल्ह्यांतील होती. यावरून हे उघड होते, की संदेश औषध निर्माण करीत नाही व ते वाहूनही नेत नाही. नकाशावरील खूण पाहून भांडाराची किल्ली काढणारा अधिकारी, गाडी, इंधन आणि मुळात भांडारात असलेला साठा यांवाचून ती खूण खूणच राहते. आज्ञावलीचे काम एवढेच, की ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास कोणास जागा राहू नये. ते काम तिने चोख बजावले.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

या साऱ्या व्यवहाराचे मर्म समजण्यास संगणक लागत नाही. वर्गातील दहा विद्यार्थ्यांना आरोग्यकेंद्रे करावे व प्रत्येकाजवळ काही खडू द्यावेत. एकाने लघुसंदेश केंद्र व्हावे, एकाने आवक कारकून, एकाने अर्थ लावणारा आणि एकाने फळ्यावर कोष्टक लिहिणारा. चिठ्ठ्यांवर खडूंची संख्या लिहून त्या केंद्रामार्फत धाडाव्यात. पोचेची चिठ्ठी मिळेपर्यंत केंद्राने तीच चिठ्ठी पुन्हा लिहून पाठवीत राहावे, हा नियम ठेवावा. मग शिक्षकांनी काही पोचचिठ्ठ्या गुपचूप खिशात घालाव्यात आणि एखादी मूळ चिठ्ठीही दडवावी.

प्रथम ‘नवे किती आले?’ असा प्रश्न ठेवून फळ्यावर बेरीज करीत जावे. नंतर ‘आता किती आहेत?’ असा प्रश्न ठेवावा. दोन्ही वेळा शेवटी प्रत्यक्ष खडू मोजावेत आणि फळ्यावरील आकड्यांशी ताडून पाहावेत. ज्या विद्यार्थ्याची चिठ्ठी दडविली गेली, त्याच्या नावापुढे फळ्यावर काय लिहिलेले आहे, हे सर्वांत शेवटी पाहावे. तेथे शून्य लिहिले असेल, तर ते कोणी लिहिले आणि का, याची चर्चा वर्गाने अवश्य करावी.